गाळणी ओली होती

वैनी, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला अकरा जण बोलले. अकराही पुरुष. बारावी मी. निवेदन करणाऱ्याने घड्याळाकडे बघत, "आता वेळेअभावी घरातर्फे दोनच शब्द," असं म्हणून माइक माझ्या हातात दिला आणि मी खरोखरच दोन शब्द बोलले. आमची वैनी प्रेमळ आणि शांत होती. एवढं बोलून मी खाली बसले. प्रेमळ तू होतीस, तुझ्या पद्धतीने. शांत तू एक दिवससुद्धा नव्हतीस. म्हणजे दोनच शब्द बोलायचे होते आणि त्यातलाही एक मी खोटा बोलले.

तुझा कागद माझ्या पर्समध्ये होता. जुन्या कॅलेंडरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात तू सांगितलेलं सगळं. मी तो घरून आठवणीने घेऊन आले होते. बसल्या जागी दोनदा हात लावून तो आहे ना हे बघितलं होतं. आणि काढला नाही.

आज मला सगळ्यांचा राग आलाय. त्या अकरा जणांचा, दादाचा, तुझा आणि माझा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एकेकाचा घे गं बेबी, समद्यांचा एकदम घेतलास तर कोनालाच पुरायचा नाय." म्हणून एकेकाचा घेते.

त्या अकरा जणांनी तुला सोशिक केली, मितभाषी केली, घराला घरपण देणारी केली. साजगावच्या कंपनीत तू बावीस वर्षं पॅकिंगला उभी होतीस हे फक्त एकाने सांगितलं, आणि तेही "संसाराला हातभार" म्हणून. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, सुगंधाबाईंनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. याच माणसाला तू विहाराच्या दारात उभं करून विचारलं होतंस, "बायकांनी मेणबत्त्या लावायच्या, खिचडी रांधायची, आनि खुर्च्या तुमी अडवायच्या, हे कंच्या पंचशीलात लिवलंय?" तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी तिथेच होते, तुझा पदर ओढत होते. काल ते तुझ्या फोटोकडे बघून अगदी भरल्या गळ्याने बोलले. माणूस गेला की त्याने आपल्याला काय काय सुनावलं होतं, ते लोक सगळ्यात आधी विसरतात.

हे होणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीतली म्हातारी गेली, जिने सुनेला आयुष्यभर धड जेवू दिलं नाही. तिच्या पुण्यानुमोदनात सगळ्यांनी तिला मायेचा सागर म्हटलं आणि ती सून पांढऱ्या साडीत खाली मान घालून ऐकत राहिली. घरी आल्यावर तू सूप घेऊन तांदूळ निवडायला बसलीस, पण तुझं लक्ष खड्यांकडे नव्हतं.

"बेबी, माझ्या येळेला असं खोटं बोलले तर मी फोटोतून उठून येईन."

"ये की. चहा करशील."

"मस्करी नको. पेन घे. मी सांगते ते लिव. मी आधी गेले तर तू वाचायचं. तू आधी गेलीस तर मी वाचायची पन गरज नाय, मला तोंडपाठ हाय तुझं समदं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेलं पान फाडलं आणि लिहायला बसले. मला वाटलं, तासभर करमणूक होईल. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, वैनी. मी कर्जतहून दर रविवारी पळसदरीला यायचे ते दादासाठी येते असं सगळ्यांना वाटायचं. मी तुझी मतं ऐकायला यायचे. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात बसून मी हो सर, नाही सर करायचे, आणि रविवारी दारातल्या ओट्यावर बसून तुझ्याशी भांडायचे. तेवढंच मोकळं व्हायला व्हायचं.

धरणावर येणाऱ्या मुंबईच्या लोकांबद्दल तू सांगितलंस, "पानी बघायला येतात आनि पान्याकडं पाठ करून फोटो काढतात." पलीकडच्या फार्महाऊसवाल्या बाई एकदा तुला म्हणाल्या होत्या की तुमच्याकडे किती शांत आहे हो, तेही लिहायला लावलंस. त्यावर तुझं उत्तर होतं, "शांत हाय कारन समदी कामाला गेल्यात. संध्याकाळी सातला या." कंपनीत नवीन आलेला साहेब तुला म्हणाला, मी जातपात मानत नाही, आणि तू त्याला म्हणालीस, "मंग आधी आडनाव कशाला इचारलंत, साहेब? गाव इचारायचं." ते लिहिताना मी हसले नाही. तूही हसली नव्हतीस.

आणि ती सूचनापेटी. कामगारांनी सूचना लिहून टाकाव्यात म्हणून कंपनीने जेवणाच्या हॉलमध्ये कुलूप लावलेली पेटी बसवली. वर्षभर कोणी ती उघडताना दिसलं नाही. मग तू चिठ्ठी टाकलीस, "ह्या पेटीची चावी कोणाकडे आहे?" मी म्हणाले, तू उगाच वाकड्यात शिरतेस, काही फरक पडत नाही. तू म्हणालीस, फरक पडायला नाय टाकली, खरंच चावी कोणाकडे हाय ते पायजे होतं मला. ह्यावर आपण पाऊण तास वाद घातला.

मी नेहमी तुला गप्प करायला बघायचे हे मला आता दिसतंय. लोकांना बोलू दे गं, सोड ना, कशाला सगळ्यांशी वाईट व्हायचं. तू म्हणायचीस, "बोलू दे ना. मी पन बोलते." तुला कोणी बोलू नये असं कधीच वाटलं नाही. समोरच्याने उत्तर दिलं की तुला बरं वाटायचं. एखादा ऐकून गप्प बसला की तू चिडायचीस.

कागदावर सगळं लिहून झालं आणि तू शेवटचं एक सांगितलंस. ते मी लिहिलं नाही.

"लिव, तुज्या भावाला चा येतो."

मी पेन खाली ठेवलं. हा वाद तुझ्या लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून चालू होता. तुझं म्हणणं, दादाला चहा करता येतो आणि तो मुद्दाम करत नाही. माझं म्हणणं, त्याला येतच नाही. आईने त्याला चुलीजवळ कधी फिरकू दिलं नाही, एकुलता एक मुलगा, लाडका, त्या वयाच्या पुरुषांना नाही येत, त्यात त्याचा काय दोष. तू म्हणायचीस, "अख्ख्या गावाच्या पान्याच्या मोटारी खोलतो, तारा गुंडाळून परत बांधतो. त्याला पानी उकळता येत नाय?" मी म्हणायचे, मोटार वेगळी आणि चहा वेगळा. माझं उत्तर किती फडतूस होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

तुझ्याकडे पुरावा होता. पहिल्या पाळीवरून तू दुपारी घरी आलीस की कधी कधी मोरीत गाळणी ओली असायची. तू सकाळी धुवून, पुसून खिळ्याला लावून गेलेली गाळणी. दादा म्हणायचा, शेजारचा आला होता, त्याने केला. तू शेजाऱ्याच्या बायकोला विचारलंस. ती म्हणाली, आमच्या ह्यांना गॅस पेटवायला पन भीती वाटते.

"गाळनी ओली व्हती, बेबी. मी नसले का येतो त्याला चा."

मी म्हणाले, वैनी, तू आता पोलिसात भरती हो. आणि मी कागद तुझ्या हातात दिला नाही, घडी करून पर्समध्ये टाकला. माझ्या भावाबद्दल असं काही मी चार लोकांत वाचणार नाही, असं तुला तोंडावर सांगितलं. तू सूप उचललंस आणि आत गेलीस. थोड्या वेळाने बाहेर आलीस ती चहा घेऊन. तीन कप. दादाला, मला, तुला. मी तो प्यायले, वैनी. घरात बायकांनाच का राबावं लागतं यावर मी आठ मार्चला शाळेत भाषण करते. तेव्हा दरवर्षी टाळ्या पडतात. आणि दर रविवारी तू आठवड्याच्या सहा पाळ्या करून बसलेली असताना मी ओट्यावर बसल्या जागेवर तुझा चहा प्यायले. माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही की उठावं.

हे मला जास्त लागतं, कारण मी आज जिथे आहे ते तुझ्यामुळे. बारावीनंतर आबा माझं लग्न उरकायला निघाले होते. तू नवीन सून, वर्ष झालं नव्हतं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तिला टायपिंगला जाऊ द्या, घरचं मी बघते." घरचं म्हणजे माझ्या वाटणीची भांडी, माझ्या वाटणीचं पाणी, माझ्या वाटणीचा केर. मी टायपिंग शिकले, मला नोकरी लागली, मी नीटनेटकं मराठी लिहायला लागले. त्याच अक्षरात तुझा कागद लिहिला आणि त्यातलं तुला हवं असलेलं एक वाक्य गाळलं.

आता तुझ्यावरचा राग. तूच सांगितलं होतंस, माझं चुकलं असंल तर ते पन वाच, नायतर मी पन मायेचा सागर व्हायची. तर ऐक. कंपनीच्या तपासणी शिबिरात तुझं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरने गोळी दिली. दोन महिने घेतलीस आणि सोडलीस. का, तर तुझं मत. "एकदा गोळी लागली का सुटत नाय. माझी आजी बिनगोळीची जगली." जगातल्या सगळ्यांना तू विचारायचीस, तुमाला कोनी सांगितलं, कशावरून? ह्या एका गोष्टीत तू स्वतःला विचारलं नाहीस. अडाणीपणा केलास, वैनी. तुझ्यासारख्या बाईने हा अडाणीपणा करावा याचा मला इतका संताप येतो की काल फोटोसमोर फुलं वाहताना माझे दात आवळलेले होते.

आणि त्यात माझाही वाटा आहे. तू हे मला सांगितलंस त्या रविवारी आपण आधीच भांडलो होतो, इंग्रजी शाळेवरून की कशावरून. मी दमले होते. मी म्हणाले, तुझं तू बघ. इतकी वर्षं मी तुझ्याशी फार्महाऊसवर भांडले, सूचनापेटीवर भांडले, ओल्या गाळणीवर भांडले, आणि ज्या गोष्टीवर हात धरून, ओरडून, रडून भांडायला हवं होतं तिथे मी वाद सोडून दिला. मागच्या सोमवारी तू पॅकिंगच्या लाइनवर पडलीस. तिसऱ्या दिवशी गेलीस. मधल्या दोन दिवसांत तू एक शब्द बोलली नाहीस. अतिदक्षता विभागाच्या काचेतून तुला गप्प पडलेली बघून मला पहिल्यांदा कळलं की तुझं बोलणं म्हणजे आमच्या घरात काय होतं.

काल मी का वाचलं नाही, हे सांगते. माइक हातात आला तेव्हा समोर दादा बसला होता. पांढरा सदरा, दाढी वाढलेली, हात गुडघ्यांवर. त्याच्याकडे बघून मला वाटलं, आता नको. माणूस मोडलाय, त्याच्यासमोर कसं वाचू? त्या पानात त्याच्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, ती मीच येऊ दिली नव्हती, तरी मी त्यालाच सांभाळलं. तुला मात्र सांभाळलं नाही. तुझ्या एवढ्या आयुष्यात तुझ्याबद्दल चार लोकांत खरं बोलायची ही एकच वेळ आली होती. ती मी दोन शब्दांत संपवली.

मी राहिले काल तुमच्याच घरी. आज सकाळी सहाच्या सुमाराला जाग आली ती खलबत्त्याच्या आवाजाने. मला अर्धवट झोपेत वाटलं, तूच आहेस. मग आठवलं. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

दादा आलं ठेचत होता. गॅसजवळ गवती चहाची पाती ठेवलेली, मागच्या न्हाणीजवळून ताजी कापून आणलेली. त्याने पाणी ठेवलं, पाती हाताने गाठ मारून टाकली, तू मारायचीस तशीच. साखर, पावडर, मग दूध. चहा वर आला की आच कमी करायची, पुन्हा मोठी करायची, असं त्याने तीनदा केलं. डबे कुठे आहेत हे त्याला शोधावं लागलं नाही. कपांवर गाळणी धरली, शेवटी चमच्याने चोथा दाबला, गाळणी नळाखाली धुतली, सदऱ्याला पुसली आणि खिळ्याला लावली.

पुसायला शिकला होता तो, वैनी. तुझ्या चौकशीनंतर.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दादा, तुला चहा येतो."

"येतो."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. आई बाजाराला गेली का मीच करायचो."

"मग तिला कधी का नाही दिलास? एकदा तरी?"

तो कप हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "एकदा दिला असता तर ती जिकली असती ना."

त्याला तू आवडायचीस, हे मला माहीत आहे. तू पाळीवरून यायच्या वेळेला तो कंपनीची गाडी थांबायची त्या बाजूला उगाच चक्कर मारायचा हेही माहीत आहे. आणि तरी सव्वीस वर्षं ह्या माणसाने घोटभर चहा अडवून धरला, बायको वादात जिंकू नये म्हणून. तू साडेचारला उठून डबा करायचीस, साडेपाचला कंपनीची गाडी धरायचीस, आणि तो पांघरुणात पडून तुझ्या चहाची वाट बघायचा. मला ओरडायचं होतं. त्याऐवजी मी आत जाऊन पर्स आणली.

कागद काढला आणि बाहेर ओट्यावर उभी राहून वाचायला लागले. माइक नव्हता, म्हणून मोठ्याने वाचलं. धरणाकडे पाठ करणारे, सात वाजता या, आडनाव, पेटीची चावी, सगळं. दादा उंबऱ्यात बसून ऐकत होता. तुझ्या पाळीच्या दोन बायका, ती जाड चष्मावाली आणि तिची जाऊ, आज गाडी उशिरा म्हणून रस्त्यावरच उभ्या होत्या, त्या कुंपणाशी आल्या. गोळीचं त्या पानात नव्हतं, ते मी तोंडी घातलं. वैनी गोळी सोडून चुकली आणि मी तिला सोडू दिली, असं म्हणाले. आणि शेवटी ते वाक्य म्हटलं. माझ्या भावाला चहा येतो. पहिल्यापासून येतो. गाळणी ओली होती, वैनीचं खरं होतं, माझं खोटं होतं.

चष्मावालीने डोळे पुसले. तिची जाऊ नाही रडली. ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आता ही आमची सुगंधा. मंग हे काल का नाय वाचलंस गं?"

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात त्यांच्या गाडीचा हॉर्न झाला आणि त्या धावत गेल्या. साजगावला पोचेपर्यंत गाडीत सगळ्यांना कळलं असेल. कळू दे. दुपारपर्यंत आपल्या आळीतही येईल, आणि अध्यक्ष मला बोलावून घेतील, तेव्हा मलाही त्यांना पंचशीलाचं विचारायचं राहिलंय.

दादाने माझ्यापुढे कप धरला. मला तो फेकून द्यावासा वाटत होता. पण मी घेतला आणि प्यायले, कारण तुझ्यातर्फे कोणीतरी तो पिऊन बघायला हवा होता. चहा चांगला झाला होता, वैनी. आलं बेताचं, गोड बेताचं. तू केलेल्यात आणि त्यात मला काही फरक कळला नाही. म्हणजे तो इतकी वर्षं तुझ्याकडे बघत होता, नीट बघत होता, आणि पडून होता.

मी रिकामा कप त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, धू.

त्याने धुतला.